शाळेची रॅफल: दुकानदाराच्या दारापासून सोडतीच्या पिंपापर्यंत

ब्रिटनमधल्या सरकारी प्राथमिक शाळेला मिळणारा पैसा पगार, इमारत आणि रोजच्या खर्चातच संपतो. मैदानातली चढायची चौकट, वाचनालयातली नवी पुस्तकं, सहलीची बस असल्या गोष्टींसाठी पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, पैसे उभे करतो. डिसेंबरच्या किंवा जून-जुलैच्या जत्रेतली रॅफल, म्हणजे तिकिटं विकून काढायची बक्षिसांची सोडत, हा त्यातला हमखास मार्ग. बक्षिसं आसपासच्या दुकानदारांनी दिलेली असली की एक पौंडाच्या तिकिटातला जवळजवळ सगळा पौंड मुलांच्या कामी येतो; खर्च उरतो तो छपाईचा आणि नोंदणीचा. आमच्या शाळेत हे काम काही मराठी घरं आणि बाकीचे पालक मिळून बघतात. गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला दुकानात शिरून मागायचा संकोच नसतो, हे आपलं मोठं बळ आहे. मात्र पावतीपुस्तक घेऊन निघालं की झालं, असं इथे चालत नाही. काम सगळं क्रमाचं आहे. क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं.

पहिला निर्णय तिकीट कुठे आणि कधी विकायचं याचा. बक्षिसांचा विचार त्यानंतर. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २००५चा गॅम्बलिंग अ‍ॅक्ट लागतो आणि त्याच्या नजरेत रॅफल म्हणजे लॉटरीच. तिकीट फक्त जत्रेच्या जागी, जत्रा चालू असताना विकणार असाल तर ती ‘इन्सिडेंटल लॉटरी’. तिला नोंदणी लागत नाही. जमलेल्या पैशातून खर्चापोटी जास्तीत जास्त १०० पौंड आणि बक्षिसं विकत घ्यायला जास्तीत जास्त ५०० पौंड वळते करता येतात. दान मिळालेल्या बक्षिसांना ही मर्यादा नाही, म्हणून तर दुकानदारांकडे जायचं. लहान मुलांनीही आपल्या पौंडाचं तिकीट घेतलेलं इथे चालतं.

आदल्या आठवड्यात एक तिकीट जरी विकलं, तरी चित्र बदलतं. मग ती ‘स्मॉल सोसायटी लॉटरी’ होते आणि पीटीएची नोंदणी स्थानिक कौन्सिलकडे असावी लागते. पहिल्या वर्षी ४० पौंड, पुढे दर वर्षी २०. एका सोडतीची विक्री २०,००० पौंडांपर्यंत, वर्षाची मिळून २,५०,००० पर्यंत, आणि विक्रीतला किमान २० टक्के पैसा ज्या कामासाठी मागितला त्यालाच गेला पाहिजे. शाळेची रॅफल या आकड्यांच्या आसपासही जात नाही. अडचण येते ती नूतनीकरणात. ती फी नोंदणीच्या तारखेआधीच्या दोन महिन्यांत भरायची असते. कौन्सिलचं पत्र मात्र जुन्या खजिनदाराच्या खासगी ईमेलवर जातं, आणि त्याचं मूल सहावी संपवून गेलेलं असतं. तिकिटं छापायला टाकताना कळतं की नोंदणी रद्द झाली. म्हणून नोंदणीला पीटीएचा सामायिक ईमेल द्यावा आणि फीची तारीख शाळेच्या ऑफिसच्या कॅलेंडरवरही टाकून ठेवावी.

मराठी मंडळांच्या दिवाळी कार्यक्रमातल्या रॅफललाही हेच नियम आहेत. ‘माझ्या नावाने पाच तिकिटं ठेवा, पैसे पाठवतोय’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर कार्यक्रमाच्या आधीच सुरू झालं, तर ती रॅफल इन्सिडेंटल राहत नाही. दुसरं म्हणजे पुण्या-नाशकातल्या आजी-आजोबांना नातवाच्या शाळेचं तिकीट घ्यायची फार हौस असते. ते टाळावं. तिकीट परदेशात विकलं की तिथल्या कायद्याचा प्रश्न येतो, आणि भारतात १९९८च्या लॉटरी कायद्यानुसार लॉटरी चालवायची ती राज्य सरकारांनी. आजोबांना द्यायचंच असेल तर त्यांनी सरळ देणगी द्यावी.

तारखा नेहमी सोडतीपासून उलट्या मोजाव्यात. प्राणीसंग्रहालयं, थीम पार्क, फुटबॉल क्लब अशा मोठ्या ठिकाणांना तीन महिने आधी विचारायचं. त्यांचे ऑनलाइन फॉर्म असतात, पीटीएचा चॅरिटी नंबर (धर्मादाय नोंदणीचा क्रमांक) लागतो आणि बरेच जण एका शाळेला वर्षातून एकदाच देतात. गावातल्या दुकानांकडे दोन महिने आधी जायचं. पाच आठवडे उरले की बक्षिसांची यादी बंद करून तिकिटं छापायला द्यायची, तीन आठवडे उरले की ती घरोघरी पोचलेली हवीत. ख्रिसमसच्या रॅफलसाठी सप्टेंबर संपायच्या आत दुकानं पालथी घालावीत. नोव्हेंबरात शेजारची शाळा, स्काउट, हॉस्पिस आणि चर्च सगळेच त्याच केशकर्तनालयाच्या दारात उभे असतात.

दुकानात जाताना एक पानी पत्र हातात हवं: शाळेच्या लेटरहेडवर, पीटीएचा चॅरिटी नंबर, पैसा नेमका कशासाठी, सोडतीची तारीख, तिकिटं किती घरांत जाणार, दुकानाचं नाव कुठे छापणार आणि बक्षीस न्यायला आम्ही कधी येऊ. ईमेलला उत्तर क्वचित येतं. समोर उभ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. वेळ मात्र बघून जावं. रेस्टॉरंटमध्ये दुपारी तीन ते पाच, सलूनमध्ये मंगळवार-बुधवारची सकाळ, खाटकाकडे दुकान उघडल्यावर तासाभराने. शनिवारी कुणाकडेच नाही. काउंटरवरच्या पोराला निर्णय घेता येत नाही, तेव्हा मालक कधी भेटतील एवढंच विचारून यावं आणि त्या वेळेला पुन्हा जावं.

मागायचं ते नेमकं मागावं. ‘काहीही चालेल’ म्हटलं की दुकानदार धूळ खात पडलेली मेणबत्ती काढून देतो. ‘दोघांचं जेवण’, ‘एक हेअरकट’, ‘गाडीची एमओटी’ (वार्षिक तपासणी), ‘रविवारच्या जेवणाचं मटण’ असं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर लगेच किंमत येते आणि तो होय किंवा नाही सांगू शकतो. त्याला ज्याचा खर्च कमी पण घेणाऱ्याला किंमत जास्त, ते सगळ्यात चांगलं: पोहण्याच्या किंवा नाचाच्या वर्गातली रिकामी जागा, बाहेरचं गिऱ्हाईक नसतं अशा मंगळवारी रेस्टॉरंटचं टेबल. ‘वीस टक्के सूट’ हे बक्षीस नव्हे, ती जाहिरात झाली. ती नम्रपणे परत करावी, किंवा जत्रेच्या पत्रकावर छापून मोकळं व्हावं. फोटो स्टुडिओच्या ‘मोफत फोटोसेशन’कडेही नीट बघावं, बऱ्याचदा सेशन फुकट आणि प्रत्येक प्रतीला पैसे. एक तरी छापील फोटो त्यात धरलेला असेल तरच घ्यावं.

सुपरमार्केटची गोष्ट वेगळी. टेस्को, मॉरिसन्ससारख्यांच्या अनेक शाखांत ‘कम्युनिटी चॅम्पियन’ नावाचा माणूस असतो, त्यालाच गाठायचं. मॅनेजरला गाठून वेळ जातो.

कोणता पालक कुठल्या दुकानात गेला, याचं एक सामायिक पान ठेवणं फार गरजेचं आहे. दुकानाचं नाव, कोण गेलं, कधी, कोण भेटलं, काय कबूल केलं, हातात आलं का, व्हाउचरची मुदत, जिंकलं कोणी, आभारपत्र गेलं का. एकाच आठवड्यात एकाच शाळेचे दोन पालक त्याच बेकरीत गेले की तो मालक पुढच्या वर्षीही दार उघडत नाही. पालकांपैकी कुणाची दुकानं आहेत, कोण कुठे कामाला आहे, ही यादी सगळ्यात आधी करावी; पहिली दहा बक्षिसं तिथूनच निघतात.

व्हाउचर कागदावर, दुकानाच्या शिक्क्यानिशी, सही आणि क्रमांकासह घ्यावं. तोंडी ‘पाठवून द्या कुणालाही, आम्ही बघू’ यावर कधीही राहू नये. जिंकलेला माणूस जातो तेव्हा काउंटरवर नवा माणूस असतो आणि त्याला काहीच ठाऊक नसतं. मुदत सोडतीच्या दिवसापासून किमान सहा महिने असावी. दुकानदार सवयीने आजपासून तीन महिने लिहितो आणि त्यातले दोन आमच्या कपाटातच जातात. शनिवार चालेल का, डिसेंबर चालेल का, पेय धरलं आहे का, सगळी रक्कम एकाच वेळी वापरायची का, हे पाकिटावर बाहेरून लिहून ठेवावं. आणि दुकान बंद पडू शकतं. त्यासाठी दोन हॅम्पर, म्हणजे खाऊ-वस्तूंनी भरलेल्या टोपल्या, यादीत न घालता बाजूला ठेवतो आणि तिकिटावर ‘बक्षीस बदलून तितक्याच किमतीचं दुसरं दिलं जाऊ शकतं’ ही ओळ छापतो.

हॅम्परसाठी शाळेचा गणवेश-सुट्टीचा दिवस कामी येतो. त्या दिवशी मुलं घरचे कपडे घालून येतात आणि बदल्यात एकेक वस्तू आणतात. वर्गाला विषय वाटून द्यायचा: एकाला चॉकलेट, एकाला आंघोळीचं सामान, एकाला बागकाम, एकाला सिनेमाच्या रात्रीचा खाऊ. विषय दिला नाही तर बिस्किटांचे चाळीस पुडे जमतात. प्रत्येक पुड्याची तारीख बघायची. घरातल्या फडताळातून आलेली वस्तू मुदत संपलेली असू शकते. आपल्याकडच्या आयांना घरचे लाडू आणि चिवडा घालावासा वाटतो आणि त्यामागची भावना मोलाची आहे, पण शेंगदाणा, काजू, तीळ यांची अ‍ॅलर्जी असलेलं मूल कुठल्या घरात आहे हे कुणाला ठाऊक? हॅम्परमध्ये फक्त सीलबंद आणि घटकांची यादी छापलेलं. घरचा फराळ जत्रेतल्या खाण्याच्या टेबलावर, घटकांच्या पाटीसह. वाइनची बाटली आलीच तर ती सीलबंद असावी, वेगळ्या बक्षिसात ठेवावी आणि मोठ्या माणसाच्याच हातात द्यावी.

बक्षिसं पंधराच्या आत ठेवावीत. तीस बक्षिसांची सोडत सुरू झाली की दहाव्या नंबरला लोक डबे गोळा करून निघतात. लहानसहान वस्तू एकत्र बांधून मोठी करणं दोघांनाही बरं, घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला.

आता तिकिटं. नोंदणीच्या रॅफलमध्ये तिकिटावर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: संस्थेचं नाव, किंमत, जबाबदार सभासदाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख. पत्ता शाळेचा दिला तरी चालतो, घरचा छापायची गरज नाही. कौन्सिलकडे नोंदणी असल्याचंही आम्ही छापतो, त्याखाली पहिली तीन बक्षिसं देणाऱ्यांच्या नावांसह, आणि ‘२८ दिवसांत न नेलेल्या बक्षिसाची पुन्हा सोडत’ ही अट. सगळ्या तिकिटांची किंमत एकच असते. ‘पाच पौंडांत सहा’ असली सवलत या प्रकारात चालत नाही. पैसे आधी, तिकीट मग. उधारीवर दिलेलं तिकीट सोडतीत धरता येत नाही. प्रूफ दोघांनी वाचावं आणि तारखेचा वार कॅलेंडरशी ताडून बघावा, कारण मागच्या वर्षीचीच फाइल उघडून बदललेली असते आणि वार तसाच राहतो.

संख्या अशी काढायची. समजा शाळेत ३०० घरं आहेत. दर घरी ५ तिकिटांची २ पुस्तकं म्हणजे ३,००० तिकिटं, वर ५०० जत्रेच्या टेबलासाठी. पुस्तकं मुलागणिक वाटली तर भावंडांच्या घरी चार-चार जातात आणि तशीच परत येतात. म्हणून शाळेच्या ऑफिसकडून प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाची यादी घ्यायची. कुठल्या वर्गाला कोणते क्रमांक गेले, ते वाटायच्या आधी लिहून ठेवायचं. तेवढ्या एका कागदावर पुढचा सगळा हिशेब उभा असतो.

सोळा वर्षांखालच्या मुलाला नोंदणीच्या रॅफलचं तिकीट विकायचं नाही, आणि मुलांना विकायला लावायचंही नाही. तिकिटांचं पाकीट दप्तरातून जातं ते आईबाबांसाठी. रस्त्यावर उभं राहून विकणंही मना आहे आणि फाटकाबाहेरचा फूटपाथ रस्त्यातच मोडतो. टेबल फाटकाच्या आत, आवारात लावावं. ओळखीच्या दुकानात किंवा घरोघरी विकायला हरकत नाही.

ज्या वस्त्यांत मराठी, गुजराती, पंजाबी घरं आहेत तिथे मुस्लिम घरंही असतात, आणि त्यांतल्या अनेकांना नशिबावरचा कुठलाही खेळ धर्माने वर्ज्य आहे. काही ख्रिस्ती घरांचंही तसंच. अशा घरी दहा तिकिटं पाठवून ‘विका किंवा परत करा’ म्हणणं अन्यायाचं आहे. आम्ही पाकिटासोबत ‘आम्हाला तिकिटं नकोत’ असा चौकोन असलेली चिठ्ठी आधीच्या आठवड्यात पाठवतो, आणि देणगीचा मार्ग वेगळा ठेवतो. तो पैसा रॅफलच्या हिशेबात मिसळत नाही. त्यावर गिफ्ट एड (देणगीवर सरकारकडून मिळणारा कराचा परतावा) मागता येतं, तिकिटाच्या पैशावर येत नाही. हॅम्परच्या गोळ्यांत जिलेटिन आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. शाकाहारी मराठी घरालाही त्याचा उपयोग होतो.

परतीची पाकिटं जत्रेच्या तीन दिवस आधी मागवावीत. पाकिटावर नाव, वर्ग, विकलेल्या तिकिटांचे क्रमांक आणि रक्कम. दोघांनी समोरासमोर मोजायचं, एकट्याने कधीच नाही, आणि तिथेच दोघांनी सही करायची. बँकेच्या नाण्यांच्या पिशव्या ठरलेल्या रकमेच्याच लागतात: एक आणि दोन पौंडांची नाणी २० पौंडांची पिशवी, पन्नास आणि वीस पेन्सची १० पौंडांची, दहा आणि पाचची ५ पौंडांची, तांब्याची नाणी एकेका पौंडाची. एकाच पिशवीत दोन प्रकारची नाणी मिसळली तर बँक घेत नाही. जत्रेच्या टेबलावर सुट्यांचा गल्ला वेगळा धरून त्याची रक्कम आधीच लिहून ठेवावी. कार्डाचं यंत्र हॉलमध्ये आदल्या दिवशी चालवून बघावं. शाळेच्या जाड भिंतींत फोनचा सिग्नल मरतो.

सोडतीची खरी तयारी आदल्या रात्रीची. प्रत्येक तिकिटाचा नाव-फोन लिहिलेला, आमच्याकडे राहिलेला अर्धा भाग पुस्तकाच्या एका कडेला पिन किंवा डिंकाने बांधलेला असतो. ती कड कापून एकेक सुटं करावं लागतं. घाईत फाडली की दोन-तीन चिकटून राहतात आणि पिंपात त्यांचा एक जाड तुकडा होतो. हात नेमका त्याच्यावर पडतो. सगळी एकदाच, एकाच दिशेने, अर्ध्यात दुमडायची किंवा सगळी सपाट ठेवायची. काही दुमडलेली आणि काही सपाट असली की दुमडलेली वर राहतात आणि सपाट तळाला बसतात. टेबलावर विकायची क्लोकरूमची रंगीत तिकिटं (नुसते क्रमांक छापलेली, तयार मिळणारी) पातळ आणि लहान असतात; ती छापील तिकिटांच्या पिंपात मिसळली तर बोटांना दोन कागद वेगळे कळतात. नोंदणीच्या रॅफलमध्ये जत्रेच्या दिवशीही छापील पुस्तकंच विकावीत. क्लोकरूम तिकिटं फक्त त्या दिवसापुरत्या रॅफललाच ठेवावीत.

न विकलेल्या पुस्तकांचे अर्धे भाग पिंपात राहू देऊ नयेत. परत न आलेलं पुस्तक हरवलं की विकलं, हे क्रमांकांच्या कागदावरून शोधून त्या घरी फोन करायचा. पैसे आले नसतील तर ते क्रमांक बाद म्हणून लिहून ठेवायचे. शेवटी पिंपातली तिकिटं आणि गल्ल्यातले पौंड जुळायला हवेत. फरक पडला तर बहुतेक वेळा एखाद्या वर्गाचं पाकीट शिक्षिकेच्या खणात राहिलेलं असतं.

चिठ्ठी मुख्याध्यापिकेने किंवा देणगीदार दुकानदाराने काढावी, ज्याने तिकिटं विकली त्याने नको. बाही वर, मान फिरवलेली, आणि दर चिठ्ठीनंतर पिंप फिरवलेलं, सगळ्यांना दिसेल असं. एकाने काढायचं, दुसऱ्याने क्रमांक दोनदा मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने कागदावर बक्षिसासमोर लिहून ती चिठ्ठी तिथेच पिनने लावायची. मोठं बक्षीस आधी की शेवटी, दोन्ही रास्त आहे. आमचा कल शेवटी, लोक थांबतात म्हणून. मात्र क्रम सुरुवातीलाच जाहीर करायचा. एकाच घराला दोन बक्षिसं लागली की कुजबुज होते आणि कुणीतरी ‘दुसरं परत टाका’ म्हणतं. टाकू नये. दहा तिकिटं घेतलेल्याने दहा संधी विकत घेतलेल्या आहेत, आणि छापलेल्या अटी सोडतीच्या मध्यावर बदलता येत नाहीत.

हजर नसलेल्यांना त्याच संध्याकाळी फोन. तिकिटावर लिहिलेल्या फोन नंबरात ‘१’ आहे की ‘७’ हे वाचता येत नाही म्हणून अडलं, तर तिकिटाचा क्रमांक वर्गाच्या यादीशी लावला की घर सापडतं. शाळेच्या पानावर फक्त तिकीट क्रमांक टाकावेत, नाव विचारल्याशिवाय टाकू नये. बक्षीस देताना सही घ्यावी, आणि २८ दिवस उलटून सगळं मार्गी लागलं की नाव-फोन असलेली उरलेली तिकिटं फाडयंत्रात घालावीत.

कौन्सिलला सोडतीपासून तीन महिन्यांच्या आत विवरण जातं: विक्री किती, बक्षिसांसाठी किती वळते केले, इतर खर्च किती, कामासाठी किती उरले, आणि खर्च विक्रीबाहेरच्या पैशातून केला का. त्यावर पीटीएने लेखी नेमलेल्या दोन प्रौढ सभासदांच्या सह्या लागतात. त्यांची नेमणूक बैठकीच्या इतिवृत्तात आधीच हवी. दुकानदारांचं आभारपत्र मात्र तीन महिने थांबत नाही. किती पौंड जमले आणि त्यातून काय घेतलं हे लिहून, ज्या पालकाने मागितलं होतं त्यानेच हातात नेऊन द्यावं. छपाईच्या दुकानापासून सुरुवात करावी. त्याने दर कमी लावलेला असतो आणि त्याचं नाव यादीत धरायचं सगळे विसरतात.